कच्चा पाया

कॅल्क्युलसच्या वर्गात बसवण्याआधी शिकवणीचे सर प्रत्येक पोराला मडक्यासारखं वाजवून घेत. आज आईसोबत आलेल्या मुलीने अपूर्णांक सोडवले, समीकरणं सोडवली, दोन बिंदू घेऊन सरळ रेषेचा उतारही झटक्यात काढून दाखवला. सरांनी घड्याळाकडे बघत सवयीने विचारलं, "काही शंका?" या प्रश्नावर आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

"एक आहे," मुलगी म्हणाली. "रेष सरळ नसून वाकडी असली तर? आमच्या घराकडचा चढ सारखा बदलत जातो. सायकल धरून मी जिथे उभी आहे, नेमक्या त्या एका बिंदूपाशी उतार किती, ते कसं काढायचं?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते तिच्या आईकडे वळले.

"ताई, पोरगी मेहनती आहे हो, पण पाया कच्चा आहे. उताराला दोन बिंदू लागतात, एवढंसुद्धा अजून डोक्यात शिरलेलं नाही. घाई करू नका. पुढच्या वर्षी बघू."

आई ओशाळली आणि लेकीला घेऊन जिना उतरली. सर शेजारच्या खोलीत गेले. चाचणीत पास झालेली पोरं वह्या उघडून बसलीच होती. सरांनी फळा पुसला आणि पहिल्या धड्याचं नाव लिहिलं: 'वाकड्या रेषेचा एका बिंदूपाशी उतार कसा काढावा?'



सगळ्यांनी ते खाली मान घालून उतरवून घेतलं. शंका कोणालाच नव्हती.