मी दम धरते

लाकडी बोर्डाला हात लावताच सुगंधाने तो झटकन मागे घेतला. बोर्ड चांगलाच तापला होता. पोतदारकाकांनी या वायरमन बाईला फक्त एक नवा प्लग बसवायला बोलावलं होतं.

"केव्हाचा हा, काका?"

"आमच्या लग्नाच्या वर्षीचा. पंचेचाळीस झाली."

फ्यूजमधून तांब्याची जाड तार डोकावत होती.

"ही कुणी घातली?"

"मीच. फ्यूज सारखा उडायचा आणि हिचं मशीन बंद पडायचं."

"म्हणून आता फ्यूजऐवजी वायर जळतेय!"

बोर्डामागून धुराची रेघ निघाली. सुगंधाचा हात मेन स्विचकडे गेला, तसे काका आडवे आले.

"थांब! हिचा ऑक्सिजन चालू आहे."

सुगंधा शेजारच्या घरी धावली आणि तिथून एक्स्टेन्शनची लांब वायर ओढत काकूंच्या पलंगापर्यंत आली. आता उशाजवळचा मशीनचा प्लग काढून या वायरीला जोडायचा, एवढंच उरलं होतं. काकांनी प्लग धरला, पण ओढला नाही.

"मला नाही जमत," ते म्हणाले.

काकू कुशीवर वळल्या. त्यांनी काकांचा हात बाजूला सारला आणि प्लग स्वतःच खेचून काढला.

"लाव गं पोरी. मी दम धरते."

मशीन थांबलं. सुगंधाने प्लग जोडला. घरघर पुन्हा सुरू झाली, तशी तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

धूर विरत गेला. काकूंनी श्वास सोडलेला ऐकल्यावरच काकांनी आपला सोडला.