मागच्या कपाटातला प्रबंध

सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच तिची पाचावर धारण बसली होती. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने तिच्या प्रबंधाची पानंच्या पानं लाल केली होती आणि सरांनी स्क्रीन मुद्दाम तिच्याकडे वळवून ठेवली होती.

"चोरायला माझाच पीएचडीचा प्रबंध सापडला तुला? दार उघडंच राहू दे, बाहेरच्यांनाही ऐकू दे. कमिटीपुढे उभी करतो की नाही बघ."

तिच्या अंगात खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

"शप्पथ सर, तुमचा प्रबंध मी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. ग्रंथालयात मागच्या कपाटात चाळीस वर्षांपूर्वीचा एक टाइप केलेला प्रबंध आहे, त्यातून उतरवलं. तो नेटवर कुठेच नाही, म्हणून वाटलं, कुणाला कळणार?"

सर उठले, दार लावून घेतलं, कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं.

"तो प्रबंध," त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज तिच्यापेक्षाही बारीक झाला होता, "तू आणखी कुणाला दाखवलास?"