दिव्यानी गुणवंतराव चहा-नाश्ता

"एक चहा दे, बाई," म्हातारी म्हणाली आणि बाकावर बसली.

दिव्यानीने भांड्यावरून मान वर केली. समोर तिची आई होती, सुगंधाबाई. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर आरमोरीच्या जीपा लागतात, त्यांच्या समोरच दिव्यानीची टपरी. दिव्यानीचं माहेर तिथून जवळच. पण लग्नानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"साखर कमी टाकू का, मावशी?" दिव्यानीने विचारलं. कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

आईने तो शब्द ऐकला. पदर सारखा केला आणि कशीही चालते म्हणाली.

दिव्यानीने प्रफुलशी लग्न केलं होतं. तो तलावात मासे धरणाऱ्या घरातला. तिच्या बापाने, गुणवंतरावांनी, पोरगी मेली असं गावात सांगितलं. डोकं भादरलं, तेरवी केली, गावाला जेवू घातलं. या घरात तिचं नाव कोणाच्या तोंडून निघता कामा नये, अशी ताकीद दिली. बापाचा राग दिव्यानीला समजत होता. तो तसाच माणूस होता. आईचं मात्र तिला कधीच समजलं नाही. त्या तेरवीचा स्वयंपाक आईने केला होता. जिवंत पोरीच्या नावाने तिने वडे तळले, पंगतीत स्वतः भात वाढला. पुढे भावाची, विक्कीची वरात याच स्टँडवरून गेली. आई पुढच्या जीपमध्ये बसली होती. तिने टपरीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आईने अर्धाच चहा घेतला आणि पदराची गाठ सोडली. आत कार्ड होतं.

"हे चालते का इथी?"

चालत होतं. बँकेच्या माणसाने दिव्यानीच्या मोबाईलमध्येच ती सोय करून दिली होती. कार्ड मोबाईलच्या पाठीला टेकवायचं, टूं वाजलं की झालं. लहानसहान बिलाला पिनही लागत नसे. दुकानाचं नाव काय टाकू, असं त्याने विचारलं तेव्हा प्रफुल लेकीचं नाव सांगत होता. दिव्यानीने ऐकलं नाही. आपलं नाव आणि त्यापुढे बापाचं नाव टाकायला लावलं. मेलेल्या पोरीची टपरी त्याच्याच नावानं चालू दे, असं ती तेव्हा म्हणाली होती.

तिने कार्ड हातात घेतलं. त्यावर गुणवंतरावांचं नाव होतं.

कार्ड टेकलं की कार्डवाल्याच्या फोनवर मेसेज पडतो आणि त्यात दुकानाचं नाव असतं, हे तिला ठाऊक होतं. आईला कुठून ठाऊक असणार? तिने बिचारीने बाजारहाटाला दिलेलं कार्ड घेतलं आणि वाट चुकून पोरीच्या दारात आली. दिव्यानीला बरंच वाटलं. आज बाप विचारेल, कोणाच्या हातचा चहा पिऊन आली. मग उभी राहू दे तिला त्याच्यासमोर. देऊ दे जबाब.

तिने काही सांगितलं नाही. कार्ड टेकवलं. मोबाईल वाजला.

"आता एक तर्री पोहा दे," आई म्हणाली.

पोहे तिने चिवडले, खाल्ले नाहीत. पुन्हा कार्ड पुढे केलं. दिव्यानीने पुन्हा टेकवलं. मग आईने आलुबोंडे बांधून मागितले. कागदाचा पुडा घ्यायला तिने हात वर केला. सैल बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. याच हाताला धरून बाप आईला एकदा अंगणात फरफटत घेऊन गेला होता, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. दिव्यानी तेव्हा दाराआड उभी होती.

आईने तिसऱ्यांदा कार्ड पुढे केलं. दिव्यानीने हात मागे घेतला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "कार्ड टेकवलं का बाबाच्या मोबाईलवर मेसेज जाते. त्यात माह्यं नाव असते. दोनदा गेलं. मी मुद्दामच सांगितलं नाई तुले. आई, तो तुले घरात घेणार नाई."

आईने मांडीवरची थैली उघडून दाखवली. आत तिची दोन लुगडी होती, घडी घातलेली, आणि औषधाच्या गोळ्या.

"मेसेज जाते ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "म्हणूनच एक एक वस्तू घेऊन राह्यली मी."

"काऊन पण?"

आईने स्वतःच कार्ड मोबाईलच्या पाठीला टेकवलं. तो वाजेपर्यंत हात हलू दिला नाही.

"मेसेज इंग्रजीत येते. तुया बापाले वाचता येत नाई, अन् ऐकूही कमी येते. यावेळी छपरीत गावातले चार मोठे माणसं बसले राह्यते. मोबाईल वाजला का तो विक्कीच्या बायकोले हाक मारते, अन् साऱ्याइच्या समोर म्हणते, मोठ्यानं वाच."