बारा वर्षांनंतरचा खोकला

फाउंड्रीच्या दवाखान्यात डॉ. निलोफर मुजावर यांनी आनंदा चौगुलेच्या छातीचा आलेख बाजूला केला आणि आवाज सुरू केला. सहामाही तपासणीत प्रत्येक कामगाराला, तो याच खात्यात राहिला तर होणारा त्याचा बारा वर्षांनंतरचा खोकला संगणकाकडून बनवून ऐकवायचा, असा आता नियमच होता. आकडे सांगून कुणी हलत नसे. हा खोकला ऐकला की मात्र भलेभले खातं बदलून घेत.

आधी दोन तुटक ठसके आले, मग एक लांब, घरघरणारा.

आनंदा ताडकन उठला आणि दाराकडे वळला. दारात कुणीच नव्हतं.

"काय झालं?"

"आबा," तो म्हणाला. "आमचे वडील. ह्याच खात्यात होते. पाळी संपवून आले की दाराबाहेर अस्संच खोकायचे. मी कडी काढायला पळायचो."

डॉक्टरांनी बदलीचा फॉर्म पुढे सरकवला. "आजच त्या वाळूच्या धुळीतून बाहेर पडा. मग हा खोकला तुम्हाला लागणारच नाही."

आनंदाने पेन उचललं. "हा आवाज मोबाइलवर घेऊ का?"

"तपासणीतलं काही बाहेर नेता येत नाही हो. आणि बदलीची सही झाली की ह्या खात्याचं जुनं सगळं, हा आवाजसुद्धा, पुसलं जातं."

घरी आबांचा फोटो होता, चष्मा होता. आवाज कुठेच नव्हता.

आनंदाने पेन फॉर्मवर आडवं ठेवलं.

"सही पुढच्या खेपेला करतो, मॅडम. तेवढं परत एकदा लावा की."