वाघाच्या शेपटीजवळचा उंदीर

पाच वर्षांची शर्वाणी कोऱ्या पुस्तकाकडे बघत खिदळत होती. चित्रं पानांवर नसायचीच. ती ज्याच्या त्याच्या चष्म्यात उमटायची, ज्याच्या त्याच्या आवडीची.

"काय दिसलं गं?" केतकीने विचारलं. तिच्या चष्म्यात त्याच पानावर नुसतं तळं होतं.

"तुला नाही दिसणार, आई."

हे रोजचंच झालं होतं. लेक कशाला हसते, कशाला दचकते, केतकीला काहीच कळायचं नाही. म्हणून तिने माहेराहून स्वतःचं लहानपणचं कागदी पुस्तक मागवलं होतं.

"चष्मा काढ बरं. आज आपण दोघी एकच चित्र बघू."

काळ्या शाईच्या बारीक रेघांनी काढलेला वाघ पेंढ्यावर झोपला होता. चित्रकार बाईंनी प्रत्येक पानावर एक उंदीर लपवला होता. तो आधी कोण शोधतं, यावरून केतकी आणि तिची आई भांडायच्या.

"वाघ नको, मनीमाऊ हवी," म्हणत शर्वाणीने सवयीने दोनदा डोळे मिचकावले. वाघ तसाच राहिला. "बिघडलंय का हे?"

"नाही गं राणी. सगळ्यांना हाच वाघ दिसतो. मलाही, तुलाही."

"मग हे माझं नाहीये."

तिने चष्मा चढवला आणि पाठ फिरवून पुन्हा एकटीच हसू लागली.

केतकीला उंदीर सापडला, वाघाच्या शेपटीजवळ. तिने त्यावर बोट ठेवलं. शर्वाणी वळून बघेल म्हणून ती कितीतरी वेळ ते तसंच धरून बसली.