आईच्या कानातले थेंब

भेदरलेलं लेकरू आलं की कानाचे डॉक्टर आधी आईच्याच कानात बघायचे, आपलं गंमत म्हणून.

त्या दुपारी एक मुलगी कान धरून मुसमुसत होती. डॉक्टर आईच्या कानात डोकावले आणि हसायचे थांबले. आत लालभडक सूज होती.

"दुखत नाही तुम्हाला?"

"छे हो, माझं काय घेऊन बसलात? हिचा कान ठणकतोय!"

मुलीचा कान मात्र लख्ख होता. मळ नाही, सर्दी नाही, दातही धड.

डॉक्टरांनी थेंब आईच्या कानात घातले.

"गार वाटलं," मुलगी पुटपुटली आणि मांडीवरच झोपून गेली.

मायलेकी गेल्यावर डॉक्टर एकटेच उरले. त्यांना मूलबाळ नव्हतं, कानही कधी दुखला नव्हता. तरी सहज त्यांनी एक थेंब स्वतःच्या कानात सोडला.

बाहेरच्या रिकाम्या बाकावरून पेंगुळलेला आवाज आला, "गार वाटलं, बाबा."