सिडनी–सांगली, पस्तीस मिनिटं

कृष्णेच्या घाटावर आईच्या दहाव्याचा पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. कुंदाच्या थोरल्या भावानं, मिलिंदनं, तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. "अकराला सिडनीत मीटिंग आहे गं माझी."

कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "विमानाला चौदा तास लागायचे तेव्हा वर्षातून एकदा तरी यायचास, दादा. आता रॉकेटनं पस्तीस मिनिटं लागतात, तर पाच वर्षांत फिरकला नाहीस! ती दर रविवारी तुझं ताट वाढून बसायची."

"आईंना काहीतरी शब्द द्या," गुरुजी हळूच म्हणाले.

मिलिंदनं हात जोडले. "आई, यापुढे दर रविवारी घरी येत जाईन."

पिंडाजवळ आलेला कावळा भुर्रकन उडून गेला.

"ओळखलं तिनं तुला," कुंदा म्हणाली.